व्हाउचर क्रमांक दोनशे बारा

परळच्या आमच्या कॉलेजात
जिमखान्याची फी माणशी साडेतीनशे,
गुणिले एकतीसशे मुलं.
पैसे कुठे जातात कळत नाही, असं मी म्हणणार नाही.
कळतं.
तेवीस वर्षं मीच लिहितोय.

क्रिकेट : सहा लाख चाळीस हजार.
(खेळपट्टीची माती ट्रकने बाहेरगावाहून येते,
इथल्या मातीत म्हणे चेंडू उसळत नाही.)
बक्षीस समारंभ : दोन लाख दहा,
त्यात शाली, नारळ, पाहुण्यांची गाडी
आणि एक फ्लेक्स,
ज्यावर प्राचार्यांचा नुसता चेहराच
खो-खोच्या खांबाहून उंच.
खो-खो, मुली : अठरा हजार.
केळी, ग्लुकोज, आणि लाल टी-शर्ट
जे दुसऱ्या धुण्यात गुलाबी होतात.

चुरी सर दर जूनमध्ये अर्ज देतात :
मॅट हवं, आता सगळ्या स्पर्धा मॅटवर होतात.
प्राचार्य म्हणतात, बघू.
'बघू'ला आमच्या खतावणीत खातं नाही,
नाहीतर सगळ्यात मोठी शिल्लक तिथेच दिसली असती.

मैदान मात्र कमावतं.
नवरात्राच्या नऊ रात्री, मग लग्नं,
एका रात्रीचे पावणेतीन लाख.
जमा : इमारत निधी.
पहाटे सहाला मुली येतात तेव्हा
मंडपवाले बांबू उपटत असतात,
मातीत थर्माकोलचे मोर, आइस्क्रीमचे लाकडी चमचे
आणि खिळे.
मुली रांगेत ओणव्या होऊन वेचतात.
चुरी सर याला वॉर्म-अप म्हणतात.
म्हणताना हसत नाहीत.

दमयंती तांडेल, एस. वाय. कॉमर्स, वरळी कोळीवाडा.
विद्यापीठाच्या स्पर्धेला चार दिवस,
खांबापाशी वळताना
टाचेत दीड इंच.
पालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शन फुकट,
टॅक्सी जाऊन-येऊन एकशे ऐंशी,
पट्टी-गोळ्या पंचाण्णव.
सरांनी खिशातून दिले.
मी म्हटलं, टॅक्सीची पावती?
सर नुसते बघत राहिले.
ऑडिटला पुरावा लागतो हो.
खरंच लागतो, मी उगाच अडवणारा माणूस नाही.
(बायको वेगळं सांगेल.)

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली,
एका पायात चप्पल, एका पायात बँडेज.
टेबलावर खिळा ठेवला.
'पुरावा,' म्हणाली.
मग विचारलं, 'काका, त्या रात्रीचं भाडं किती आलं?'
सांगितलं. कागदावरचं लपवायचं कशाला.
तिने बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं,
कॉमर्सची मुलगी, भागाकार येत असणार,
आणि मध्येच सोडून दिलं.

खिळा मी सेलोटेपने व्हाउचरला चिकटवला.
खातं : किरकोळ.
त्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला,
प्रवासखर्चाचे साडेचार हजार वाचले.
तेही लिहिलं.

मार्चमध्ये ऑडिटर आले, तरुण, बिनसाखरेचा चहा.
हिरव्या पेनाने सरसर टिक करत
दोनशे बारावर थांबले.
'हे काय?'
'मैदानाचं उत्पन्न,' माझ्या तोंडून गेलं.
'खर्च म्हणा,' त्यांनी सुधारलं.
बरं, म्हटलं.
टिक झाली.

ती फाइल अजून नीट मिटत नाही,
तिच्यावर दुसरी ठेवली की घसरते.

यंदा जूनमध्ये सरांचा अर्ज आला.
मॅट हवं, तेच अक्षर, तीच शाई.
खाली मात्र एक नवी ओळ :
'ते शक्य नसल्यास
एक मोठं लोहचुंबक.'

प्राचार्यांनी शेरा मारला : बघू.
मी चुंबकाची कोटेशनं मागवली आहेत.
नियमाने तीन लागतात.
दोन आली.