खिडक्या किती

आज रस्त्याला तिचं नाव दिलं.
पाटीवर एक अक्षर गाळलंय.
ती असती तर लाल पेन्सिल काढून म्हणाली असती,
पुन्हा लिही, होरेस. घाई कसली?

व्हर्डेल मिम्स. अलाबामातल्या आमच्या गावात
गोऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करायची,
दहा सेंटला एक.
मतदार नोंदणीच्या साहेबाचा शर्टही तिच्याकडेच येई.
त्याच्या कॉलरचा मळ तिला पाठ होता.
तरी कोर्टातल्या टेबलाशी
तो तिला नाव विचारायचा, दर वेळी, नव्यानं.

रात्री इस्त्रीचं टेबल म्हणजे शाळा.
काळ्या कापडावर खळीत बुडवलेलं बोट फिरवायची,
वाळलं की अक्षर पांढरं उठे.
कापसाच्या गिरणीतले, चर्चमागच्या गल्लीतले,
पन्नाशीचे गडी जीभ दातांत धरून
स्वतःचं नाव गिरवत बसायचे.
पहाटे तेच कापड धुऊन दोरीवर.
शेरीफला काय सापडणार?
एक ओलं फडकं.

पहिल्यांदा गेली तेव्हा साहेबानं विचारलं,
या कोर्टाला खिडक्या किती?
ती बाहेर आली, उन्हात चारी बाजूंनी फिरली,
आत जाऊन म्हणाली, चौऱ्याऐंशी.
तो म्हणाला, फुटक्या धरत नाहीत.
पुढच्या महिन्यात फुटक्या वजा करून गेली.
आणि तळघरातल्या?
सात वेळा गेली.
सातव्यांदा मागे एकतीस माणसं होती
आणि प्रत्येकाला खिडक्या पाठ.

मी बत्तिसावा.
पेंडीच्या दुकानापर्यंत गेलो होतो.
कोपऱ्यावर गिरणीमालकाचा ट्रक उभा दिसला,
तसा बुटाची नाडी बांधायला वाकलो.
साठ वर्षं झाली, अजून बांधतोय.

तिनं कधी विषय काढला नाही.
त्या वर्षी तिची खोपटी जाळली,
इस्त्री तेवढी राखेतून उचलली तिनं,
लोखंडच ते, त्याला काय होतंय.
माझ्या लग्नाचा शर्ट त्याच इस्त्रीखालून आला.
पैसे घेतले नाहीत.
खिशात चिठ्ठी होती:
ऐंशी. तळघरातल्या तीन धरून.

पुढच्या सोमवारी मी एकटाच गेलो.

आज मेयर छान बोलले.
टाळ्या झाल्या, लिंबू सरबत झालं.
शाळेतलं मतदान केंद्र मात्र गेल्या वर्षीच बंद केलं,
आता अकरा मैल.
तिची भाची जुनी व्हॅन काढून म्हाताऱ्यांना नेते,
पेट्रोलला कुणी द्यायला लागलं
तर तीही पैसे घेत नाही.

परतताना कोर्टासमोर थांबायला लावलं मी.
निम्म्या खिडक्या विटांनी बुजवल्यात, एसीसाठी म्हणे.
नात म्हणाली, आजोबा, काय पुटपुटताय?
एकोणचाळीस.
थांब जरा,
मागची बाजू राहिली.