धुण्याचा हिशेब

आयोवा, सत्त्याण्णव साल.
अकरा स्वेटर, तपकिरी. बारावा नव्हताच.
कॉलेजकडे तेवढी लोकर नव्हती, तेवढी मुलंही नव्हती.
मी दर मात्र डझनाचाच लावला.

फुटबॉलचा सामना मी एकही पाहिला नाही.
सोमवारी गाठोडं सोडलं की कळायचं,
नदीकाठच्या गावाचा चिखल काळा, लोण्यासारखा,
रेल्वेच्या गावचा राखाडी, पाण्यावर तरंगणारा,
आणि घरच्या मैदानाचं शेण,
कारण मैदान म्हणजे डीनच्या गायींचं कुरण,
शनिवारपुरतं उसनं.

ऑक्टोबरात चार हरले.
गुण कोणी सांगितले नाहीत. कोपरं सांगायची.
डोक्याला चिलखत म्हणून पोरांनी केस वाढवलेले,
ते विणीत अडकून यायचे, पिवळे, मुळासकट.
एकदा ग्येर्मुंडच्या कॉलरमध्ये दात निघाला.
धुऊन, कागदात बांधून परत दिला.
तो हसला. तोंडावर हात धरून.

नोव्हेंबरात हाल्वोरचा स्वेटर आला तो घडीही न मोडलेला.
बापानं मका काढायला बोलावून घेतलं होतं.

पुढच्या सोमवारी तोच,
दोन्ही खांद्यांत उसवलेला,
बाहीला खडू, गळ्याशी एक पांढरा केस.
ग्रीक शिकवणारे लिंडेलँड. वय एक्केचाळीस.
शून्य-शून्य सुटला म्हणे सामना.
पोरांनी त्यांना उचलून नाचवलं
आणि दोनदा पाडलं.

बर्फ पडलं. अकराही पेटीत गेले, कापूर घालून.
त्या एकाच्या खांद्याला मी लोकरीची कळी घातली.
हाल्वोर परतला तर सैल होईल त्याला.
होऊ दे.