वाटा

माझ्या पाळण्याला सागाचे चार खूर होते.
दोन बाने मचाणाला लावले, दोन शिडीला.
"तू आता त्यात मावत नाहीस," म्हणाला.
बाकी सगळं जंगलातलं किंवा घरातलं:
मोडक्या बाजेची चौकट, अंजनाच्या फांद्या,
आईच्या नकळत काढलेला विहिरीचा सोल.

सुकीच्या वरच्या अंगाला, पालपासून दीड कोसावर
एक वाकडा महू होता.
चैतात पहाटे त्याच्याखाली भेकर यायचं
फुलं वेचायला,
आमच्या बायकांच्याही आधी.

मी नऊ वर्षांची. भाऊ गोवराने निजलेला,
म्हणून मी.
बाने हे लपवलं नाही.
"तो बरा असता तर तोच आला असता," एवढंच बोलला
आणि माझ्या वेणीतली घुंगरं दातांनी तोडून
खिशात टाकली.

वर चढल्यावर शिकवलं ते असं:
खोकला आला तर बाही चाव.
मुंगळा चावला तर चावू दे.
वारा गालावर घे, पाठीवर नको.
आणि झोप आली तर?
"झोप. मी उठवीन.
पण घोरू नकोस, तू आजीवर गेलीयस."

रात्रभर महू टपटपत राहिला.
फूल पडलं की मी मोजायचे,
चाळीसच्या पुढे येत नव्हतं,
पुन्हा एकपासून.
बाच्या अंगाला बारुदीचा वास
आणि न ओढलेल्या बिडीचा.

उजाडायच्या आधी, झाडांना रंग यायच्या आधी
खाली कुणीतरी चावत होतं.
मला काही दिसेना.
बाने हनुवटी धरून माझं तोंड फिरवलं तेव्हा
पाचोळ्याचाच एक तुकडा
मान खाली घालून खात होता.
लहान. आमच्या शेळीएवढा.
मला वाटलं होतं शिकार म्हणजे काहीतरी मोठं.

त्याने माझ्या छातीवर तळवा ठेवला.
"आधी हे थांबव," नुसत्या ओठांनी.
ते थांबलं नाही.
तो मात्र थांबला, बराच वेळ, माझ्यासाठी,
आणि भेकराने मान वर केली,
आमच्याकडे नव्हे, नदीकडे,
आणि ठासणीची बंदूक उडाली.

पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं.
बा शिडीने उतरलाच नाही, त्याने उडी मारली,
सुरी हातात,
कारण जीव असेतो बिस्मिल्ला म्हणायला
पोचावं लागतं.
वर धुरात मी एकटी,
कानात सुकीला पूर आलेला.
"हुरमत! उतर. पाय धर."

धरले. मागचे.
ऊन होते. खुरांत महूचा चिकट गर.
एक लाथ बसली, इथे, मनगटावर.
"मारायला नव्हती ती," बा नंतर म्हणाला,
"ते अजून पळत होतं."

पाड्यात सागाच्या पानांवर वाटे पडले,
जितकी घरं तितके,
वर बंदुकीचा एक, मचाणाचा एक.
गंभीरचाचाने पानं मोजली. एक जास्त भरलं.
"हे कुणाचं?"
बा सुरी पुसत होता. मान वर न करता म्हणाला,
"पाय धरणाऱ्याचं."

ते पान मी दोन्ही हातांनी घरी नेलं.
भाऊ अंथरुणातून बघत होता,
तरी त्याला दिलं नाही.
आईने वेगळ्या तवलीत शिजवलं.
मीठ जास्त पडलं होतं. मी सगळं खाल्लं.

पुढे कायदा आला, बंदूक चौकीत जमा झाली,
मचाण कुठल्याशा वादळात खाली आलं.
एक खूर तेवढा घरी आणला,
दाराला अडसर म्हणून आहे.

नात जळगावला नर्सिंग शिकते.
विचारते, "आजी, वाईट नाही वाटलं?"
वाटलं.
"कधी? खाण्याआधी की नंतर?"
हे मात्र नेमकं विचारते ती.
मी तिला मनगट दाखवते.
तिथे आता काही नाही, पण ती
सवयीने दोन बोटं ठेवते
आणि घड्याळाकडे बघत मोजू लागते,
चाळीसच्या पुढेही.