कोरडा ट्रान्सफॉर्मर, कुंडई

याच्या पोटात तेल नाही.
रेझिनमध्ये ओतलेली तीन उभी वेटोळी
आणि भोवती कुंडईची हवा,
जी काचेलाही बुरशी आणते.
तेलाचा असता तर आतल्या आत जिरवलं असतं.
हा कोरडा. याचं जे होतं ते उघड्यावर होतं.

मिंगेल जाळीच्या दारावर तळवा टेकवतो.
"आयक मरे, आवाज बदल्ला."
मी कान देतो.
रोजचा तो जाड घुमारा आहेच,
पण त्याच्यावर काहीतरी बसलंय,
पत्र्यावर वाळू घासावी तसं.

मीटरवर भार साठ टक्के.
वाइंडिंग एकशे अडतीस अंश.
भांगीसाहेब म्हणतात, साठ टक्क्यांना कुणी तापतं का?
सेन्सर बदला.

सेन्सर बदलला. एकशे एकोणचाळीस.

म्हार्दोळला आत्या तानपुरा लावायची.
शशिकला आत्या, चष्मा कपाळावर,
जवारीवरचा सुती धागा केसभर सरकवत.
खर्जाची एकच तार, दुसरं कुणी काही छेडलेलं नाही,
आणि खोलीत गंधार.
कुणी वाजवला? मी विचारायचो.
"कुणी नाही. तो आपला आपण येतो.
पाचवा असतो तो. मोजशील तेव्हा कळेल."

आज मोजला.
भाड्याने आणलेल्या अ‍ॅनलायझरवर
पहिला पन्नासचा खांब, उंच, सरळ,
मग बरीच मोकळी जागा,
आणि अडीचशेवर
पाचवा.
इथे त्याला कुणी वाहवा म्हणत नाही.

गेल्या वर्षी वीज वाचवायला बारा ड्राइव्ह बसवले,
ब्लोअरमागे एक,
गेटवरच्या फलकावर हिरवं पान रंगवलं.
हे ड्राइव्ह लाट सलग पीत नाहीत.
शेंड्याशेंड्याचे घोट घेतात,
आणि लाटेचं सूत उसवतं ते थेट इथवर.

पाचवा उलट्या पावली फिरतो.
तिसऱ्याची तऱ्हा वेगळीच:
तिन्ही फेजांचे तिसरे एकमेकांना खोडत नाहीत,
हातात हात घालून न्यूट्रलमध्ये उतरतात.
ऑफिसातले संगणक, छतातले एलईडी,
सगळ्यांचे तिसरे त्या एका तारेत,
जिच्यात म्हणे काहीच वाहू नये.
वर डेल्टात गेले की तिथेच फिरत बसतात,
देव नसलेली प्रदक्षिणा.

तेवढ्याच अँपिअरला, तांब्यातल्या भोवऱ्यांत,
पाचवा पंचवीसपट जाळतो, सातवा एकोणपन्नास.
वर्गाचं गणित. चलनाच्या पाठीवर केलं.
मिंगेल वाकून बघतो, म्हणतो,
पाद्रीच्या शाळेत सातच्या पाढ्याला मी मार खाल्लेला.

अहवाल दिला. फिल्टर लावा, नाहीतर
असल्या लाटांसाठीच बांधलेला दुसरा आणा.
भांगीसाहेबांनी आकडा वाचला, दोनदा,
आणि फोंड्याहून दोन पेडेस्टल पंखे मागवले.

आता पंखे त्याच्या तोंडासमोर.
एकशे एकतीस.
पंख्यांच्या मोटरीही तीच उसवलेली लाट पितात,
त्याही जराशा तापतात, जराशा घुमतात.

दर दहा अंशांना आयुष्य अर्धं, असं पुस्तकात आहे.
कधीपासून मोजायचं ते नाही.

रात्री अडीच. मिंगेल पॅनेलच्या आड
पुठ्ठ्यावर झोपलाय, बूट उशाला.
मी जाळीशी उभा राहून
षड्ज शोधतो. असतो तो, तळाशी, बुडालेला.
आणि त्याच्यावर,
कानांना नसेल, दिवसभर मोजलेल्या आकड्यांचा भास असेल,
पण न बोलावता आलेला तो,
आणि सांगायला लाज वाटते,
क्षणभर लागतो.

मग रजिस्टर. वेळ, तापमान, सही.
शेऱ्याच्या रकान्यात
"आवाज बदलला" एवढंच लिहितो,
आणि पंखा थोडा डावीकडे वळवतो.