खाडाखोड नाही

दिवाडीच्या पंचायतीत मी कारकून. कंत्राटी.
सभेत कोण काय बोललं ते वहीत उतरवायचं.
शाई निळी किंवा काळी,
खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही.

यंदा एक नवं आलं: गाव फोनवर.
नकाशात बोट ठेवा, जागा उजळते,
तिथं चिकटवा फोटो, चित्रफीत, आवाज.
प्रश्न एकच.
खाडी आणि खाजन यांच्या मधली
मानशीची जुनी लाकडी दारं
ठेवायची की काढायची?

रेंज फक्त फेरीच्या धक्क्यावर.
संध्याकाळी तिथं गर्दी व्हायची,
फेरी लागायची, सुटायची,
माणसं चढायची नाहीत.
फोन वर धरून
मत चढायची वाट पाहात उभी.

त्रेसष्ट नोंदी आल्या.
पंचवीस नुसते अंगठे.
एक चुकून आलेला फोटो, बांगड्याच्या हुमणाचा.
सरपंच म्हणाले, असू दे, तेही मत असेल.
फावस्तीन तारवटी बोटीवरून बोलला,
कुठल्याशा थंड समुद्रातून;
निम्मे शब्द वाऱ्यानं नेले,
उरले ते ‘बांद’, ‘आमचो’ आणि ‘मागीर’.
तेवढेच लिहिले.

कंत्राटदाराची फीत सगळ्यांत देखणी.
सिमेंटची दारं, बटण दाबलं की उघडणारी,
बाजूला बाकं,
चेहरे नसलेली माणसं फिरायला आलेली,
पाणी हॉटेलातल्या तलावासारखं निळं.
चार मिनिटं. त्या चार मिनिटांत
एकदाही भरती येत नाही.
हे मला नंतर सुचलं.
तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

रविवार, साडेदहा. गणपूर्ती झाली.
पडद्यावर रेमेतीन, नातवानं टिपलेली,
शाळेतल्या मुलीसारखी ताठ, पाठ केलेलं म्हणणारी.
समोर खुर्चीतली रेमेतीन उठली:
“ही हांव न्हय. हांव अशी उलयना.”
मग तेच सगळं पुन्हा सांगू लागली,
हात हलवत, मध्येच नवऱ्याला आठवत,
आणि सांगता सांगता उलटं मत देऊन बसली.
मी विचारलं, यातलं कुठलं लिहू?
दोन्ही लिही, म्हणाली. दोन्ही माझींच.

शेवटची नोंद शाबलोची, मानशीवर राखणीला असतो त्याची.
एक्केचाळीस सेकंद.
पडदा काळा. रात्रीचं असणार.
पाणी.
एक खोकला.
पाणी, जरा जवळून.
मग चढत्या भरतीनं रेटली
आणि दारं आपणहून मिटली.
धप्.
त्यानंतर काहीच नाही, अकरा सेकंद;
म्हणजे खारं पाणी बाहेर थांबलेलं.

कुणीतरी पंखा बंद केला.
“परत लाव.”
परत लावलं.
सरपंच म्हणाले, पण यात मत काय? हो की नाही?
शाबलो दाराशीच उभा होता, चपला हातात.
म्हणाला, मी फक्त फोन ठेवला तिथं.

ठरलं काहीच नाही. नाही, एक ठरलं:
पुढली सभा मानशीवर, भरतीच्या वेळेला.
अनुमोदन रेमेतीनचं.
आणि कंत्राटदाराचंही,
त्यानं हात का वर केला ते त्यालाच माहीत.

सचिवांनी वही तपासली.
हे काय, धप्?
सभेत ऐकलं ते, मी म्हणाले.
इतिवृत्तात बसत नाही हे.
मी म्हणाले, सर, खाडाखोड नाही.
त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं,
टोपण लावलं.

नोटीस उद्या लावायची आहे.
वेळेचा रकाना रिकामा.
भरती किती वाजता, हे शाबलो सांगेल,
पण तो मानशीवर, तिथं रेंज नाही.
मी धक्क्यावर फोन धरून उभी.
फेरी लागली.
सुटली.
उतारावरच्या दगडांपैकी
मघाशी सहा दिसत होते,
आता चार.