कूलर बंद करू नका

फाइलची लांबी एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं.
सुरुवातीला कुणीतरी खुर्ची ओढतं,
मग माझाच आवाज, "चालू झालं का बे?"
आणि मागे दोन कूलर.
एकाचा पट्टा घासतो.

अजनीचं रेल्वे इन्स्टिट्यूट, मे महिना,
सिरिल मॅकनील सर गेल्याचा चाळिसावा दिवस.
फ्लेक्सवर छापून आलं होतं,
'ब्लाऊज गिटार : एक आदरांजली'.
फोन केला तर फ्लेक्सवाला म्हणाला,
"मले वाटलं, टेलरिंग क्लास हाय."
सर असते तर हसता हसता खोकलेच असते.
आम्ही तो तसाच टांगला.

मालगाडीचे गार्ड होते सर,
इटारसी, आमला, बल्लारशा.
सगळी गाडी पुढे आणि आपण मागे,
रात्रभर एकटे,
लाल दिव्याला पाठ लावून.
एकदा विचारलं, सर, ब्लूज म्हणजे नेमकं काय?
"पगार सातला होतो. आज तारीख किती?"
चोवीस.
"मग वाजव."

पावलं बारा, शेजारी तीनच, ते सांगायचे,
पहिल्याकडून नीघ, चौथ्याकडे बस,
पाचव्याशी भांड,
आणि ये परत पहिल्याच्या दाराशी.
दार उघडं असेलच असं नाही.

ट्यूनर त्यांनी कधी घेतला नाही.
अ‍ॅम्पची पिन भिंतीत खुपसायचे,
स्पीकर घुमायला लागला
की त्या घुमण्याला तिसरी तार लावायचे.
"बिल भरतो ना मी? मग सूर फुकट घेणार."
म्हणून आम्हा सगळ्यांच्या गिटारी
जगापेक्षा केसभर चढ्या.
पुण्याला ऑडिशनमध्ये माझी गेली ती त्यामुळेच.
(आणि बोटांमुळेही. खोटं कशाला बोलू.)

आता रात्री दोनला हेडफोन लावून
मी हे सगळं स्वच्छ करायला बसलोय.
कूलर पुसला. पट्टा पुसला.
अ‍ॅम्पची घुमघुम मुळासकट काढली.
आणि जरीपटक्याचा जयेश मोटवानी,
जो त्या रात्री देवासारखा वाजवत होता,
एकदम बेसूर झाला.
तार ओढतोय, ओढतोय,
पण कुठून ओढतोय ते ठिकाणच गेलं.

बावन्नाव्या मिनिटाला लाइट जाते.
सगळे एकदम "अरेऽऽ".
माझं यंत्र बॅटरीवर होतं, म्हणून हे उरलं :
कूलरची पाती मंदावत थांबणं,
जाळीतून टपटपणारं पाणी,
सरांच्याच गिटारीवर प्रज्वल गजभिये,
अ‍ॅम्पशिवाय, डबीत दोन नाणी हलावीत एवढाच आवाज.
दोन पावलं वाजवून तो थांबतो.
तिसरी तार कशावर टेकवायची
ते त्याला सापडत नाही.

मग डाव्या चॅनेलमध्ये, पहिल्या रांगेतून,
मिटल्या ओठांचा एक सूर.
मी चार वेळा मागे नेऊन ऐकला.
ग्लॅडिस आँटी.
चर्चमध्येही ज्या फक्त ओठ हलवतात,
मला गाता येत नाही म्हणतात, त्या.
अडतीस वर्षं पलीकडच्या खोलीत कांदा चिरताना
तो अ‍ॅम्प ऐकलेला.
केसभर चढा. अगदी तेवढाच.

प्रज्वल पुन्हा सुरू करतो.
पाचव्याशी भांडताना यार्डातून इंजिनाचा भोंगा येतो,
तो सुरात नाही, तसं म्हणणं फार सोयीचं झालं असतं,
पण प्रज्वल त्याच्यासाठी जागा सोडतो,
लहान गाडीनं मेलला सोडावी तशी.

मी सगळं पुसणं रद्द केलं.
कूलर परत आला, पट्टा परत आला.
एक तास सहाव्या मिनिटाला लाइट येते,
अ‍ॅम्प दचकून उठतो,
घुमतो,
आणि काही क्षण दोघंही ऐकू येतात,
तो आणि आँटी.
मग आँटी थांबतात.
रुमालात नाक शिंकरल्याचा आवाज आहे, तोही ठेवला.

टाळ्यांनंतर यंत्र बंद करायचं राहून गेलं.
शेवटची नऊ मिनिटं खुर्च्या उचलणं,
आणि जयेश, "सावजी उघडं असेल का बे आता?"
आणि कुणीतरी लांबून,
"फ्लेक्स कोण नेणार?"