चौथ्या आणि पाचव्याच्या मधे

लिफ्ट कधीच अडकली नाही.
अडकलो मी.
फोर्टातली जुनी इमारत, जाळीचा दरवाजा, पितळी मूठ,
एकवीस वर्षं वर-खाली.
आणि एका मंगळवारी, चौथ्या-पाचव्याच्या मधे,
छातीत कुणीतरी शटर ओढलं.

कार्डिओग्राम साफ निघाला.
महापालिकेच्या ओपीडीत मुकादम डॉक्टरांनी
सगळं ऐकून घेतलं, पंख्याच्या कुरकुरीसकट.
गोळी लिहिली, रात्रीची, अर्धी,
आणि खणातून एक वही काढली,
झेरॉक्सची, स्टेपल मारलेली.
"गोळी माझ्याकडून. वही तुमची तुम्ही.
एकीमुळे दुसरीला सुट्टी नाही."

मनात हसलो. सातवी पास माणसाला गृहपाठ!
आठवडाभर वही स्टुलाखाली,
डब्याच्या फडक्यात.

मग एकदा दुपारी तीनला, बेल गप्प असताना,
श्वासाचं पान उघडलं.
चार आकडे आत, दोन थांबायचं, सहा बाहेर.
आकडे मला कोण शिकवणार?
तळापासून चौथ्यापर्यंत आत.
मधले दोन मजले कुणाचेच नाहीत.
सहाव्यापासून तळापर्यंत, सावकाश, बाहेर.

पुढच्या पानावर रकाने: भीती किती, दहापैकी.
बुधवार, सात. पलीकडच्या बँकेत ड्रिल चालू होतं.
गुरुवार, चार.
शनिवार, मोजायला विसरलो.
"हे विसरणंही लिहा," डॉक्टर म्हणाल्या,
आणि गोळी तशीच ठेवली, अर्धी.

तिसऱ्या मजल्यावरच्या तांडेलबाई,
नवरा गेल्यापासून चहाचे कप दोनदा धुतात.
म्हणाल्या, "मला नुसती वही द्या हो.
डॉक्टर नको. आमच्या वाड्यात कळलं तर
मासळीसारखी बातमी फिरेल."

दिली. एका रुपयात एक पान, चोवीस पानं.
पण अकरावं पान दुमडून दिली.
तिथे एवढंच छापलंय:
इथवर येऊनही जड वाटत असेल
तर वही मिटा, माणसाकडे जा.
त्याखाली माझं अक्षर, वाकडं:
केसपेपर दहा रुपये. मंगळवारी. नऊच्या आत.
मी येतो सोबत.

तिसरा मजला आला. जाळी सरकवली.
बाई उतरल्या नाहीत.
"एक फेरी मारा अजून," म्हणाल्या.

पाचव्यावरून कुणीतरी बेल दाबत होतं.
दाबू दिली.